पश्चिमेकडे उघडा धक्का

सिंगापुरातल्या एका औद्योगिक इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही कॅरिबियन समुद्रातल्या बेटांचं रोजचं हवामान लिहीत असू. कंपनी खासगी आणि लहान होती. दोन ठिकाणांच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक. तिकडे पहाटे जे बुलेटिन हवं असतं, ते इकडे भर उजेडात, दुपारच्या कॉफीनंतर लिहून होतं. कुणाला रात्रपाळी करावी लागत नाही. कंपनीचा धंदा बराचसा या एका सोयीवर उभा होता.

डेस्कवर आम्ही दोघं. एक मुंबईची मुलगी, इथल्या विद्यापीठातलं पोस्टडॉक संपवून नोकरीला लागलेली. नकाशे आणि संगणकाची मॉडेलं पाहून काय होणार ते ती ठरवी. दुसरा मी. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढून, बायकोच्या नोकरीमागे इथे आलेला. ती जे ठरवेल ते कुणालाही एकदा ऐकून कळेल अशा पाच-सहा साध्या इंग्रजी वाक्यांत बसवणं हे माझं काम होतं. तीच वाक्यं हॉटेलांत नाश्त्याच्या टेबलावर छापून ठेवली जात आणि बेटांवरच्या रेडिओवर वाचली जात. सुरुवातीला ती मला सर म्हणे. मी तिच्या एका परिच्छेदातली सगळी विशेषणं काढून टाकली, त्या दिवशी सर गेलं आणि काका आलं. आमचा प्रमुख इथलाच, चाळिशीचा; तो मला अंकल म्हणे आणि इथल्या बोलण्याच्या रीतीप्रमाणे वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडी. म्हणजे दोन्ही भाषांत मी काकाच.

वर्तमानपत्रातून येताना मी दोन सवयी बरोबर आणल्या होत्या. आज, उद्या, काल हे शब्द आमच्या बुलेटिनमध्ये बाद होते. वाराचं नाव लिहायचं, कारण इथली बुधवारची सकाळ म्हणजे तिथली मंगळवारची संध्याकाळ, आणि तीन साधे शब्द तेवढ्यात घोळ घालतात. दुसरी सवय दुरुस्तीची. अंदाज चुकला तर पुढच्या बुलेटिनच्या पहिल्याच वाक्यात तसं लिहायचं. दैनिकात दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात छापत. मला ते तिथेही पटलं नव्हतं, पण तिथे माझं चाललं नाही. इथे चाललं. चुका लहान असत, कुठे पावसाची सर यायची राहिली, कुठे वारा जास्त सुटला. प्रमुख नाक मुरडून सोडून देई.

नोव्हेंबरात हे बदललं. वादळांचा हंगाम त्या महिनाअखेर संपतो आणि पर्यटक परतू लागतात. हॉटेलांना सगळ्या बेटांसाठी एकसारखं, आटोपशीर, प्रसन्न बुलेटिन हवं होतं. कंपनीने एक साचा तयार केला. लहान बेटांचा एक गट, गटाला एक बुलेटिन, वाक्यं सॉफ्टवेअर जुळवणार. आम्ही फक्त नजर टाकून पाठवायचं. साच्यात दुरुस्तीला जागा नव्हती आणि एखाद्या बेटाच्या वेगळ्या ओळीलाही नव्हती. साच्याबाहेरचं काहीही जाणार नाही, अशी तोंडी सूचना मिळाली. तोंडी सूचना मी वर्तमानपत्रात पुष्कळ पाहिल्या होत्या. ज्या लिहून देता येत नाहीत त्याच तोंडी देतात.

वेगळ्या ओळीचं महत्त्व एका बेटामुळे होतं. गटातलं ते सगळ्यांत लहान बेट. तिथे वारा आणि लाटा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतात, म्हणून त्यांचा एकुलता एक धक्का पश्चिमेला, बेटाच्या आडोशाला बांधलेला. बेटावर शाळा आहे ती लहान मुलांची. मोठी मुलं सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी उघड्या होडीतून शेजारच्या मोठ्या बेटावर शाळेला जातात. होडी सोडायची की नाही, हे धक्क्याची व्यवस्था पाहणारी एक बाई ठरवते. आमचं बुलेटिन तिच्या फोनवर येई, मग रेडिओवरही ती ते ऐके, आणि शंका असली की थेट डेस्कला फोन करी. आमची नावं तिला माहीत नव्हती, तिने विचारलीही नाहीत. तिची पहाट असे, आमची संध्याकाळ व्हायला आलेली असे, आणि फोन उचलला की पलीकडून येई, "गुड मॉर्निंग, सिंगापूर."

साचा लागू होऊन थोडेच दिवस झाले होते. मुलीने खुर्ची न वळवताच मला हाक मारली.

"काका, हे बघा. हे उलटं चाललंय."

"उलटं म्हणजे?"

"वादळं तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात ना? हे पश्चिमेला तयार झालंय आणि पूर्वेकडे सरकतंय. हंगामाच्या शेवटी होतं असं कधीकधी."

"बेटांवर येणार?"

"नाही. बरंच अलीकडे विरेल. पण त्याची लाट विरणार नाही. ती पोचणार. आणि पश्चिमेकडून पोचणार."

"म्हणजे धक्क्यावर."

"थेट. मंगळवारी सकाळी."

"आणि आकाश?"

"आकाश काय, झकास. हनिमूनला जावं असं."

वादळ लांब होतं, त्यामुळे बेटांना वादळाचा इशारा लागू होण्याचं कारण नव्हतं. पडद्यावर साच्याने जुळवलेलं मंगळवारचं बुलेटिन आलं होतं. स्वच्छ ऊन. पूर्वेचा मंद वारा. पावसाची शक्यता नाही. समुद्र शांत ते मध्यम. यातलं एकही वाक्य खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं. दहा बेटांच्या सगळ्या बाजूंची सरासरी काढली तर समुद्र खरोखरच शांत ते मध्यम राहणार होता. त्या लहान बेटावरच्या चाळीस मुलांना सरासरीवर चढायचं नव्हतं, एका धक्क्यावरून होडीत चढायचं होतं.

मी प्रमुखाकडे गेलो. त्याने नकाशा पाहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर विक्री विभाग बसलेला होता.

"अंकल, ऊन आहे की नाही?"

"आहे."

"मग ऊन लिही लाह. सनी इज सनी, व्हॉट."

"ऊन आहेच लिहिलेलं. मला खाली एक ओळ हवी आहे. त्या एका बेटासाठी."

"रेडिओ एकच आहे सगळ्यांचा. तू एका बेटासाठी लिहिणार, ऐकणार दहा बेटं. मग हॉटेलवाले मला फोन करणार, तुला नाही."

"लाट आली आणि ओळ नसली, तर कोणाला करणार?"

तो म्हणाला, साच्याबाहेर काही जाणार नाही. मी म्हणालो, हे मेलवर पाठवून दे. त्याने पाठवलं नाही.

परत आलो तेव्हा मुलगी बॅग भरत नव्हती, बसून होती. "माझा पास फेब्रुवारीत रिन्यू व्हायचाय, काका," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. वाऱ्याचा वेग सांगावा तसं सांगितलं. पास म्हणजे इथे नोकरी करण्याचा परवाना, आणि तो कंपनीच्या हातात असतो. तिचाही होता, माझाही.

"मग तू नकाशा दे. ओळ माझ्या नावाने जाईल."

"वा! शहाणपण माझं आणि हौतात्म्य तुमचं? दोघांच्या नावाने जाईल."

साच्याने जुळवलेल्या बुलेटिनखाली ओळ गेली. मंगळवारी सकाळपासून पश्चिमेकडून मोठी लाट अपेक्षित, पश्चिमेकडे उघड्या असलेल्या धक्क्यांना होडी लावणं धोक्याचं, खात्री मध्यम. शेवटचे दोन शब्द आमच्या जुन्या बुलेटिनमध्ये रोज असत. आम्हाला स्वतःच्या अंदाजाची किती खात्री आहे, ते शेवटी सांगायचं. साच्याने तेही काढून टाकलं होतं.

धक्क्यावरच्या बाईने मंगळवारी होडी सोडली नाही.

लाट आली नाही.

बुधवारी सकाळी मी यिशुन भागातल्या आमच्या घरी चहा पीत फोन पाहिला. डेस्कच्या नंबरवर धक्क्यावरच्या बाईचा निरोप आला होता. समुद्र दिवसभर ताटासारखा सपाट होता. शाळा बुडाली म्हणून मुलं खूश होती आणि धक्क्यावरून पाण्यात उड्या मारत होती. त्यांच्या आया खूश नव्हत्या, कारण शाळेत परीक्षा चालू होती. खाली एकच ओळ: थँक यू, सिंगापूर. तो आभाराचा सूर नव्हता.

बाहेर गडगडलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर धुणं वाळत घातलेलं होतं. बायको लॅपटॉपची पिशवी खाली टाकून धावली आणि मी उठेपर्यंत अर्धे कपडे भिजले.

"अरे, अर्ध्या जगापलीकडे कुठल्या धक्क्यावर कधी लाट येणार ते तुला कळतं," ती बांबू आत ओढत म्हणाली, "आणि हातभर अंतरावर माझा कुर्ता भिजतोय ते कळत नाही."

"ते पण कळलं नाही," मी म्हणालो. "लाट आली नाही. माझ्या ओळीमुळे मुलांची शाळा मात्र बुडाली."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आता?"

"वेळ चुकली असेल. ऑफिसला गेल्यावर कळेल."

आमची मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती. कानावर पडलं त्यातलं तिने शाळेचं तेवढं उचललं. "नो स्कूल बिकॉज ऑफ यू? बाबा, दे मस्ट लव्ह यू, लाह."

बायको दारात थांबली. "पुन्हा तेच लिहिणार असशील तर एक विचारते. तुझ्या हट्टासाठी लिहिणार की लाट आहे म्हणून?"

प्रश्न रास्त होता. मला एमआरटीत, इथल्या मेट्रोत, वाटेवर त्याचं उत्तर सापडलं नाही. ऑफिसात पोचल्यावर सापडलं, ते माझ्याकडे नव्हतं, पडद्यावर होतं.

वादळ मध्ये एका जागी रेंगाळलं होतं. लाट निघालीच उशिरा. बेटांच्या पश्चिमेला खोल समुद्रात एक मोजणीयंत्र तरंगत असतं, त्यावरची लाटांची उंची चढायला लागली होती. डेस्कवरच्या मुलीने आलेख मोठा करून दाखवला. "येतेय. बुधवारी सकाळी. मॉडेलं अजून एकमेकांशी भांडतायत, पण हे मॉडेल नाही, हे पाणी आहे."

तेवढ्यात प्रमुखाने बोलावलं. एका हॉटेल समूहाचा मेल होता. मंगळवारी रेडिओवरची आमची ओळ ऐकून पाहुण्यांनी समुद्रसफरी रद्द केल्या आणि दिवसभर समुद्र काचेसारखा राहिला. मेलच्या शेवटी थट्टा होती: तुमच्या सिंगापुरात लाट आली का?

"अंकल, एकदा झालं. आज साचा. प्लीज."

"आज दुरुस्ती पण जायला हवी," मी म्हणालो.

"कसली दुरुस्ती?"

"मंगळवारी अंदाज चुकला, ही."

तो उठून उभा राहिला. "कुठली हवामान कंपनी चुकलो असं रेडिओवर सांगते? कुठली? एक दाखव!"

"आम्ही सांगत होतो. साचा येईपर्यंत."

"पाऊस आला नाही तेव्हा! हे वेगळं आहे. तुम्ही शाळा बंद पाडली. चुकलो म्हणायचं आणि त्याच श्वासात पुन्हा तेच सांगायचं? कोण ऐकेल तुमचं?"

"चुकलो हे लपवून तेच सांगितलं तर कोण ऐकेल?"

पुरावा त्याच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. दोघांनाही त्या बेटावरच्या आयांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

डेस्कवर येऊन मी लिहायला घेतलं. मंगळवारी पश्चिमेकडून मोठी लाट येईल असं आम्ही सांगितलं होतं. ती आली नाही. वेळेचा अंदाज चुकला. तीच लाट बुधवारी सकाळी अपेक्षित आहे. इथे मी थांबलो.

"खात्री?"

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, मध्यम लिहिलं ना, तर ती होडी सोडेल. मंगळवारी पण मध्यम होतं आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. परीक्षा आहे त्यांची. जास्त लिहा."

"आहे किती?"

"तुम्ही ऐका ना. मुलं आहेत त्या होडीत."

"म्हणून विचारतोय. आहे किती?"

ती आलेखाकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, रागाने. "मध्यम. मध्यमच्या थोडं वर. पण जास्त नाही."

"मग मध्यमच्या थोडं वर."

"असं कुणी लिहितं का?"

"आपण लिहितो."

ओळ पाठवली. पाठवण्याआधी प्रमुखाच्या दारात जाऊन, पाठवतोय, असं सांगितलं. तो काचेकडे तोंड करून फोनवर बोलत होता. त्याने हात हलवला. नको म्हणून की जा म्हणून, ते मी विचारलं नाही.

फोन यायला वेळ लागला नाही.

"गुड मॉर्निंग, सिंगापूर. तुम्हाला झोप चांगली लागली असेल. मला नाही. माझ्या दारात आता आया उभ्या आहेत. ऐकू येतंय?"

ऐकू येत होतं. बऱ्याच बायका एकदम बोलत होत्या.

"मला मध्यम नको, थोडं वर नको. होय की नाही, एवढं सांगा."

"लाट येईल असं आम्हाला वाटतं. मंगळवारीही वाटलं होतं. समुद्रातलं मोजणीयंत्र आता चढतंय, मंगळवारी या वेळेला चढत नव्हतं. एवढा फरक आहे. होडीचं तुम्ही ठरवायचं."

"तुम्ही सोडली असती?"

"माझ्याकडे होडी नाही."

"मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"ती चढली असती?"

"नाही."

पलीकडे ती कुणावर तरी खेकसली, गप्प बसायला सांगितलं, आणि मग तिचा आवाज बदलला. "हे वर काय लिहिलंय? चुकला, असं? हे रेडिओवर वाचणार आहेत?"

"पहिलंच वाक्य आहे."

"रेडिओवर? सगळ्या बेटांवर?"

"हो."

ती हसायला लागली. हसणं थांबेना. फोन बाजूला धरून तिने ते वाक्य दारातल्या बायकांना वाचून दाखवलं, आणि तिकडूनही हसणं ऐकू आलं. "सिंगापूर, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. हे वाक्य मी घरात अजून एकदाही ऐकलेलं नाही." मग म्हणाली, "होडी सुटणार नाही. परीक्षेचं मी शाळेशी बोलते. आणि ऐका, आज पण समुद्र सपाट राहिला तर मी तुम्हाला रोज फोन करीन. रोज. मरेपर्यंत."

"करा," मी म्हणालो.

तेव्हा आमच्या इमारतीखाली दिवे लागत होते. मुलीने घरी जायला नकार दिला. आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांकडे, जाऊन कॉफी घेतली, ती न पिताच परत वर आलो आणि यंत्राची रेघ पाहत बसलो. रेघ चढत होती. ती एकदा थांबली. पुन्हा चढायला लागली. प्रमुख जाता जाता आमच्या मागे उभा राहिला आणि मग खुर्ची ओढून बसला.

लाट आली. निरभ्र आकाशात, मंद वाऱ्यात, होडीच्या वेळेनंतर थोड्याच वेळात आली. पहिल्या काही लाटांत धक्क्याच्या पायऱ्या सुटल्या, पुढच्या तासाभरात फळ्या. बाईने पाठवलेल्या चित्रफितीत लोक किनाऱ्यावर वर सरकून उभे आहेत, ऊन इतकं लख्ख की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरलेत, आणि होडी दूर नारळांच्या खाली वाळूवर ओढून ठेवलेली आहे. ती सुटली असती तर लाटेच्या वेळी पलीकडे पोचलेली असती की मध्ये असती, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत असण्याचं कारण नाही. मुलं गेली असती तर परत आल्यावर त्यांना उतरायला धक्का राहिला नसता, एवढं सांगता येतं.

शुक्रवारी प्रमुखाने दोघांना बोलावलं. त्याने चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं: कारवाई होणार नाही. विक्री विभागाला फक्त एक टिपण हवं होतं. त्याने मजकूर तयार करून ठेवला होता. असामान्य परिस्थितीत डेस्कने अपवाद म्हणून साच्याबाहेरची ओळ पाठवली. असा अपवाद पुन्हा केला जाणार नाही. चुकीची जाहीर कबुली कंपनीच्या शैलीत बसत नाही. खाली दोघांच्या सहीची जागा.

मुलीने वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. फेब्रुवारी अजून यायचा होता.

"तू बोल," मी तिला मराठीत म्हणालो. "पास तुझा अडकलाय. तू म्हणशील ते."

"मला एडिट करू द्या," ती म्हणाली, आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

तिने पहिल्या वाक्यातलं 'असामान्य' खोडलं. मग 'अपवाद म्हणून' खोडलं. दुसरं वाक्य अख्खं खोडलं. तिसरं खोडलं. उरलं ते एवढंच: डेस्कने साच्याबाहेरची ओळ पाठवली. खाली तिने सही केली, मी केली.

प्रमुखाने कागद उचलून पाहिला. "यात आता काहीच नाही राहिलं."

"जे झालं ते राहिलंय," मी म्हणालो.

"अंकल, तुम्ही दोघं ना…" त्याने कागद खणात टाकला. फाडला नाही. पुढे तो विक्री विभागाकडे गेला की नाही, ते मला कळलं नाही.

त्याच्या टेबलावरून उठतानाच डेस्कचा फोन वाजायला लागला. धक्का दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागणार होते, आणि परीक्षेचा उरलेला पेपर सोमवारी होता. बाई होडी वाळूवरून ढकलणार होती, मुलं बूट हातात घेऊन पाण्यातून चढणार होती. वाळूच्या त्या पट्ट्यावर सोमवारी सकाळी लाट किती, हे तिला हवं होतं.

साच्यात समुद्र शांत ते मध्यम होता. मुलीने आकडा सांगितला, मी तो इंग्रजीत लिहिला, खाली आमची खात्री लिहिली, आणि पाठवला.